मोगलाईवाली

आमच्या वस्तीत आजीला कुणी नावानं ओळखत नसे. ती मोगलाईवाली. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य होतं. त्या मुलखाला आमच्याकडची जुनी माणसं मोगलाई म्हणत, आणि आजी लहानपणी आईबापांबरोबर नदी उतरून तिकडून वऱ्हाडात आलेली होती. पुढे निजामाचं राज्य गेलं, मुलखाचं नाव बदललं, आजीचे केस पांढरे झाले, तरी ती मोगलाईवालीच राहिली. तिचं लग्न इथे झालं, लेकरं इथे झाली, नवराही इथल्याच मातीत गेला. पण विहिरीवर एखादी नवी सून पाणी भरायला आली, की तिला कुणीतरी हळूच सांगायचंच, "ते पाह्य, ते मोगलाईवाली."

आमची वस्ती दिग्रसपासून पायी जाण्यासारखी. कापसाचा हंगाम लागला की निम्मी वस्ती दिग्रसच्या जीनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. बाबा रुईच्या गाठी बांधणाऱ्या टोळीत होते, आजी कापसातला पत्तीकचरा वेचणाऱ्या बायांमध्ये. आजोबांनी तिला अशाच एका जीनात पाहिलं आणि घरच्यांचं न ऐकता लग्न केलं, असं सांगत. मी आजोबांना पाहिलेलं नाही.

आजी उंच आणि वाळकी होती. तिच्या दोन्ही नाकपुड्यांना भोकं होती, आमच्याकडच्या बायांना एकाच बाजूला असत. त्या भोकांत ती कडुनिंबाच्या काड्या घालून ठेवी. तिची मातृभाषा तेलगू. इतकी वर्षं इथे काढूनही तिच्या मराठीत गाय 'यायचा' आणि पाऊस 'यायची'. लोक हसत, तशी ती गप्प होई. जात्यावर बसली की मात्र तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राही, आणि ते पुटपुटणं वस्तीतल्या बायांना आवडत नसे. गाणं असेल तर मोठ्यानं म्हणावं, असं त्यांचं म्हणणं.

आजीचा स्वभाव असा की तिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानदाराच्या तराजूवर नाही, कंपाउंडरच्या बाटलीवर नाही, आणि पोटच्या पोरावरही नाही. कुणी काही बातमी आणली की तिचा एकच सवाल असे, "पाह्यलं काय?" समोरचा म्हणाला की पाहिलं नाही पण ऐकलं, तर ती तोंड फिरवून कामाला लागे. मी एकदा शाळेतून येऊन सांगितलं की माझा वर्गात पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी ही बाई डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या दारात उभी. गुरुजींना विचारलं, पोट्टी म्हणते ते खरं काय? गुरुजी हसले. आजी हसली नाही. त्यांनी नीट तोंडानं हो म्हणेपर्यंत ती दारातून हलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तिनं मला मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले आणि विषय संपवला.

छप्पन साली वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. बाबा त्यांच्यात होते. मी तेव्हा लहान होते, पण बाबांच्या भोवती बसलेली माणसं आणि समोर गुडघे जवळ घेऊन बसलेली आजी मला दिसते. सगळे ऐकत होते, आजी विचारत होती. तू किती लांब होता? तुले ऐकू आलं काय? देव सोडा म्हणजे कोणते, सगळे काय? बाबांनी सांगितलं, सगळे. त्याच सालच्या डिसेंबरात एक दिवस आमच्या वस्तीत कुणाची चूल पेटली नाही, मोठी माणसं लहान मुलांसारखी रडली. त्यानंतर देव सोडण्याचं कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या घरातले देव, टाक, फोटो टोपल्यांत घालून अरुणावतीवर नेले आणि सोडले. आजी त्यांच्यात नव्हती. तिची मोगलाईतून आणलेली एक देवी होती, पितळेचा मुखवटा, तिच्या खाटेजवळच्या कोनाड्यात असायचा. तिनं सांगितलं की आपण आदल्या दिवशी पहाटेच नदीवर जाऊन सोडून आलो. कोनाडा रिकामा होता हे खरं. पण तिला जाताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि येतानाही. जन्मभर लोकांना "पाह्यलं काय" विचारणाऱ्या बाईकडे स्वतःसाठी साक्षीदार नव्हता.

त्यातून आठवड्याभरात तिनं तो कोनाडा दगडमातीनं बुजवून, वरून सारवून टाकला.

इथून आमच्या घरात संशय आला तो आईच्या मनातून. आई आर्णीकडच्या खेड्यातली, अक्षरओळख असलेली आणि बोलल्याप्रमाणे वागणारी. तिनं माहेरहून आणलेला खंडोबाचा टाक डोळ्यांत पाणी असताना नदीत टाकला होता. तिला वाटे, आपण एवढं केलं आणि ही म्हातारी आपल्याला फसवते आहे. बुजवलेल्या कोनाड्यात देवी आहे, याबद्दल तिची खात्रीच होत चालली. आजी सकाळी तोंड धुऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसे, ते आईला खटके. खरं तर खाट तिथेच होती आणि ऊन त्याच बाजूनं येई. आई त्या भिंतीला टेकून बसे तेव्हा बोटानं हळूच ठोकून पाही. मी हे पाहिलेलं आहे.

मग आणखी एक गोष्ट सुरू झाली. बाजाराच्या दिवशी जीन लवकर सुटे. बाकीच्या बाया बाजार करून घरी येत, आजी मात्र दिवस कलल्यावर येई. विचारलं तर म्हणे, बसलो होतो. कुठं, ते सांगत नसे. एकदा घरातला नारळ दिसेना. एकदा हळकुंडं कमी झाली. जीनात काम करणाऱ्या एका बाईनं आईला सांगितलं की तुमची म्हातारी गाठी दाबायच्या प्रेसच्या मागे एका मळवट भरलेल्या बाईजवळ बसलेली असते, आणि तिच्याकडून पुडी घेते. आईनं त्या दिवशी दोन भाकरी तव्यावर करपवल्या.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, असेल कोणी. त्यांना या भानगडीत पडायचं नव्हतं. मग आईनं मला तयार केलं. पुढच्या बाजाराला आजीबरोबर जा, कुठं जाते, काय करते ते पाहून ये. मी नऊदहा वर्षांची असेन. मला ते काम आवडलं होतं, कारण मलाही शंका होतीच. मीही त्या भिंतीला कान लावून पाहिला होता.

जीन सुटल्यावर आजी मला घेऊन प्रेसच्या मागे गेली. माझ्यापासून काही लपवावं असं तिच्या चालण्यात दिसलं नाही. मागे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्यांच्या झोपड्या होत्या. हंगामापुरती नदीपलीकडून येणारी माणसं तिथे राहत. एका झोपडीसमोर एक म्हातारी बसली होती, कपाळभर कुंकू, नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या. आजी तिच्या समोर बसली आणि बोलायला लागली.

मी ती आजी कधी पाहिली नव्हती. घरी शब्द शोधत बोलणारी बाई इथे नळ सुटल्यासारखी बोलत होती. आवाज मोठा, हात हवेत. ती म्हातारी काही म्हणाली आणि आजी तोंड उघडून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला एक शब्द कळत नव्हता. मला भीती वाटली. आपल्या माणसाच्या आत दुसरंच माणूस निघालं, असं काहीतरी. निघताना त्या म्हातारीनं आजीला पळसाच्या पानात बांधलेली पुडी दिली. आजीनं ती कमरेच्या चंचीत खोवली.

परत येताना नाल्याजवळ आजी थांबली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुया मायनं धाडलं न तुले?"

मी मान हलवली.

"जे पाह्यलं ते सांगजो. जे नाही पाह्यलं ते सांगू नको."

मी घरी तसंच सांगितलं. आईनं विचारलं, पुडीत काय होतं? मी म्हटलं, पाहिलं नाही. आई म्हणाली, तुला काय वाटलं? मी म्हटलं, वाटलं काही नाही. आई माझ्यावर चिडली, पण तिला त्याहून जास्त काही मिळालं नाही.

त्याच हिवाळ्यात समोरच्या काकीचा नातू बिमार पडला. काकीचं घर आमच्या दाराच्या अगदी समोर. पोरगं नुकतं बसायला लागलेलं, गुटगुटीत. आजी येता-जाता त्याला उचलून घेई. एका संध्याकाळी तिनं त्याला घेतलं, खेळवलं, परत दिलं, आणि सकाळी पोरगं तापानं फणफणलं. ताप उतरेना. मग त्याचा एक पाय लुळा पडला. काकी पाय उचलून धरायची आणि सोडला की तो चिंधीसारखा खाली पडायचा.

पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. पण दोनचार दिवसांत वस्तीत भानामतीचा शब्द फिरायला लागला. मोगलाईत भानामती करणाऱ्या बाया असतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. विहिरीवर आजी गेली की बाया पाण्याचे गुंड उचलून बाजूला घेत. माझी मैत्रीण माझ्या हातचे फुटाणे घेईना, तिच्या मायनं सांगितलं होतं. दारासमोर कुणी लिंबू टाकून गेलं. देव नदीत सोडलेल्या वस्तीत लिंबू कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही.

घरातही कुणी मोकळं बोलेना. बाबा कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडत. आई आजीकडे पाही, मग माझ्या धाकट्या भावाकडे पाही, आणि त्याला जवळ ओढून घेई. आजी त्याला घ्यायला हात पुढे करी आणि आई म्हणे, झोपला आहे. तो जागा असे. आजीला ते दिसत होतं. तिनं हात पुढे करणं सोडून दिलं. जात्यावरचं पुटपुटणंही थांबलं. मला वाटतं, ते सगळ्यात वाईट होतं.

एका संध्याकाळी दिवेलागणीला माणसं आली. काकीचा मुलगा, म्हणजे त्या पोराचा बाप, त्याचे दोन भाऊ, आणि वस्तीत बुद्धवंदना घेणारे एक वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणत. काकी आपल्या दारात पोराला घेऊन उभी होती. पोराच्या बापाचे डोळे लाल होते, तो रागावला नव्हता, घाबरला होता. तो बाबांना म्हणाला की तुमच्या मायनं जे केलं ते तिनं उतरवून घ्यावं, आम्ही पाया पडतो. दादा मध्ये पडून म्हणाले की असं काही नसतं, पण म्हातारीनं देवी ठेवली अशी बोलवा आहे, तर घराची झडती देऊन टाका, लोकांचं तोंड बंद होईल. बाबा नुसते उभे राहिले.

आजी खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "झडती घ्या. पण माणसानं नाही. माही सून घेईन."

दादा म्हणाले, सून तर घरचीच.

"ते माह्या बाजूची नाही," आजी म्हणाली. "ते काही लपवणार नाही."

आईचं तोंड उतरलं. आपल्या मनात काय आहे ते म्हातारीला इतके दिवस माहीत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि सरळ भिंतीकडे गेली. कोनाड्यावरचं सारवण खरवडलं, ओली माती घालून बुजवलेले दगड एकेक काढले. मी बाबांच्या मागे होते, वाकून पाहिलं. कोनाडा रिकामा होता. जुन्या दिव्याची काजळी होती, बाकी काही नाही. आईनं आत हात घालून चाचपलं, कंदील आणून पाहिलं. मग ती आजीकडे वळली. विचारलं, मग बुजवला काहून?

"तठी पुन्हा कोणी काही ठेवू नये म्हणून," आजी म्हणाली.

मग आईनं खाटेवरची गोधडी झटकली, ट्रंक उपसली, उतरंडीतली मडकी पालथी केली. काहीच निघालं नाही. पोराचा बाप म्हणाला, कमरेची चंची राहिली. आजीनं ती स्वतः सोडून आईच्या हातात दिली. आत पान, तंबाखू, आणि ती पळसाच्या पानाची पुडी. आईनं पुडी सोडली. काळपट हिरवा भुगा होता. पोराच्या बापाचा एक भाऊ मागे सरला. समोरच्या दारात काकीनं पोराचं तोंड पदरानं झाकलं.

आई भुग्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, तिनं पुढेही कधी सांगितलं नाही. आजी काही बोलायला गेली तर आईनं तिला हातानं थांबवलं. मग चिमूटभर भुगा उचलून आपल्या जिभेवर ठेवला. बाबा पुढे झाले, पण तोवर तिनं तो गिळला होता.

"आंबट आहे," आई म्हणाली. "चिंचेचा पाला आहे."

तो चिंचेचा कोवळा पाला होता, वाळवून चुरलेला. नदीपलीकडे तो वरणात घालतात. आजी तो जेवताना भाकरीखाली लपवून चिमटी-चिमटीनं खात असे, आपल्या सुनेला हे तिकडचं खाणं चालणार नाही म्हणून. नारळ आणि हळकुंडं तिनं त्या म्हातारीला दिली होती, तिच्या घरी नात रजस्वला झाली होती म्हणून. हे तिनं विचारल्यावर सांगितलं. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, देव जाणे असं म्हणायची आता सोय नव्हती.

आईनं पुडी दादांपुढे धरली. दादांनीही चिमूट घेतली. पोराच्या बापानं घेतली नाही. आई त्याला म्हणाली, "तुमच्या जिवाले विश्वास नसन तर नका ठेऊ. पण लेकरू उद्या यवतमाळले न्या. अजून किती दिवस आमच्या दाराकडे पाहत बसता?"

सकाळच्या पहिल्या मोटारीनं ते पोराला घेऊन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेले. बाबा बरोबर गेले. डॉक्टर म्हणाले की हा ताप लहान पोरांच्या पायावर जातो, अशी आणखी लेकरं त्या खोलीत होती. पोरगं वाचलं, पण पाय बारीक राहिला. आणि पाय बारीक राहिला म्हणून संशयही थोडा राहिला. काकी आमच्याशी बोलायची, पण आमच्या घरात पाय ठेवायची नाही, आणि आजी दिसली की नातवाला आत बोलवायची. ते पोरगं लंगडत लंगडत कधी आमच्या अंगणात आलं, तर आजी आपणच उठून घरात जायची.

आजी नदी उतरून का आली, ते आईला त्यानंतर काही दिवसांनी कळलं. दोघी अंगणात तुरी पाखडत बसल्या असताना आजीनं आपणहून सांगितलं. मला आईनं सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर. आजी लहान असताना तिच्या गावात एक बैल मेला, मग दुसरा. लोकांनी तिच्या आईचं नाव घेतलं. देवी तिच्या अंगात येत असे, म्हणून भानामतीही तिनंच केली असणार, असा त्यांचा हिशोब. भानामती करणाऱ्या बाईचे दात पाडले म्हणजे तिचा मंत्र चालत नाही, अशी तिकडे समजूत. आजीच्या आईचे पुढचे दात दगडानं पाडले. आजीनं ते डोळ्यांनी पाहिलं. कोंबडं आरवायच्या आधी तिघं घर सोडून निघाली. आजीची आई इकडे आल्यावर त्याच पावसाळ्यात गेली, जाईपर्यंत तिला भाकरी चावता आली नाही.

आईनं तेव्हा विचारलं होतं, मग ती देवी इतकी वर्षं जवळ काहून ठेवली? आजी म्हणाली, मायची वस्तू होती, टाकायची हिंमत होत नव्हती. सगळ्यांनी सोडायचं ठरलं तेव्हा बरं वाटलं. आपल्याला रडू येईल की हसू, ते ठाऊक नव्हतं, म्हणून एकटी गेली.

यानंतर सासूसुना गळ्यात गळे घालून राहिल्या असं कुणी समजू नये. आजीचा आईच्या मिठाच्या अंदाजावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण बाजाराच्या दिवशी आई कधीकधी तिच्याबरोबर प्रेसच्या मागे जाऊ लागली. तिथे बसून तिनं काही शब्द उचलले. आमच्या घरी वरणात चिंचेचा पाला पडू लागला. पडू लागला म्हणजे अजून पडतो, माझ्या सुनेच्या हातूनही.

आणि आजीचा सवाल आईच्या तोंडी आला. मी दिग्रसच्या हायस्कुलात जाऊ लागले, तेव्हा वस्तीतल्या मुलींमध्ये तिथवर गेलेली मीच होते. अकरावीत असताना एका नातेवाइकानं येऊन बाबांना सांगितलं की पोरगी मोटार स्टँडवर एका पोराशी बोलत उभी असते, आता शाळा पुरे. बाबांचा चेहरा बदलला. आई चुलीपाशी होती, तिथूनच तिनं विचारलं, तुम्ही पाहिलं काय? तो म्हणाला, पाहिलं नाही, पण दहा लोक बोलतात. आईनं विचारलं, त्या दहांतल्या कुणी पाहिलं? तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेतलं तेव्हा बाबा माझ्याबरोबर नाल्यापर्यंत चालत आले आणि तिथून परतले. मी मॅट्रिक झाले, यवतमाळला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले. मी खरंच एका मुलाशी बोलत असे. तो पुस्तकं आणून द्यायचा. आईनं मला ते कधीच विचारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी सुटीला घरी आले तेव्हा आजी खाटेला खिळलेली होती. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तोंड वाकडं झालं होतं, आणि तिची मराठी गेली होती. सगळीच गेली. ती फक्त तेलगू बोलत होती, तीही अर्धी-मुर्धी. बाबा तिच्यापुढे बसून, माय, नीट बोल न, म्हणत राहायचे. ती त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेनं पाहायची आणि त्यांना न कळणारं काहीतरी सांगायची. आपल्या आईचं बोलणं कळत नाही म्हणून बाबा घरामागे जाऊन रडलेले मी पाहिले.

आई दिग्रसला गेली, त्या म्हातारीला घेऊन यावं म्हणून. पण हंगाम संपला होता. जीन बंद, झोपड्या मोडलेल्या, माणसं नदीपलीकडे गेलेली. आई उन्हातून परत आली, हातपाय धुतले आणि आजीजवळ बसली. तिला जे थोडे शब्द येत होते तेवढ्यावर तिनं काम चालवलं. पाण्याला नीळ्ळु म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. आजी काही लांबलचक बोलली की आई एक शब्द पकडायची आणि तेवढ्याचं उत्तर द्यायची. कधी चुकायची. आजी वैतागून मान हलवायची, मग पुन्हा सांगायची.

वस्तीत पुन्हा कुजबुज झाली. शेवटच्या वेळी मंत्र सुटतात, म्हणून म्हातारी बडबडते आहे, असं कुणी म्हणालं. मी चिडून भांडायला निघाले तर आईनं मला बसवलं.

एका दुपारी समोरची काकी आमच्या दाराशी आली. इतक्या वर्षांत ती तिथवर आलीच नव्हती. चौकटीच्या बाहेर उभी राहून आत पाहत होती. पदर दातांत धरलेला. आत आजी तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

काकीनं आईला हळूच विचारलं, "काय म्हणून राह्यली?"

"पाणी मागून राह्यली," आई म्हणाली.

काकीच्या तोंडावर विश्वास दिसला नाही. आई उठली, माठातून पाणी काढलं, वाटी आणि चमचा तिच्या हातात दिला, आणि म्हणाली, "तुम्ही पाजा."

काकी वाटी धरून उभी राहिली. मला वाटलं ती खाली ठेवून निघून जाईल. तिनं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं, तिचा नातू ओट्यावर बसला होता. मग ती चौकट ओलांडून आत आली, खाटेच्या कडेला अवघडून बसली आणि चमचा आजीच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी गालावरून ओघळलं. आजीनं गिळलं. पुन्हा तोच शब्द म्हणाली. काकीनं पुन्हा पाजलं. वाटी संपेपर्यंत पाजलं. मग आजी गप्प झाली आणि डोळे मिटून पडली.

काकी उन्हं उतरेपर्यंत बसून होती. माशा वारत होती. उठताना तिनं वाटी-चमचा मोरीत नेऊन राखेनं घासले, धुऊन फळीवर पालथे घातले, आणि पदरानं हात पुसत आपल्या घरी गेली.